शिकवणी नसलेला विषय

लातुरात मी वीसेक वर्षं असा विषय शिकवला, ज्याची गावात एकही शिकवणी नव्हती. ज्यांना लातूर माहीत आहे त्यांना या वाक्याचं वजन कळेल. बाकीच्यांसाठी सांगते. भूकंपानंतरच्या दहा-बारा वर्षांत आमच्या गावात जिथं म्हणून फळा टांगता येईल तिथं क्लास निघाले. फिजिक्सचे, केमिस्ट्रीचे, बायोलॉजीचे. जून उजाडला की बसस्टँडवर पत्र्याच्या पेट्या घेऊन पोरं उतरायची आणि त्यांच्यामागून आईबाप. ज्या विषयाचा क्लास नाही तो विषयच नाही, असं गावाचं मत पडलं होतं. आणि माझा विषय होता भाषाविज्ञान.

हा विषय म्हणजे व्याकरण नव्हे आणि पाच-सात भाषा पाठ करणंही नव्हे. माणूस बोलतो म्हणजे नेमकं काय करतो, तोंडातून आवाज कसे निघतात, त्यांचे शब्द कसे होतात, लेकरू न शिकवता बोलायला कसं शिकतं, हे तपासायचं शास्त्र. एवढं सांगितलं तरी ऐकणाऱ्याचा चेहरा कोराच राही. एकदा शिरूर अनंतपाळचे एक गृहस्थ मुलाला घेऊन मुद्दाम मला भेटायला आले. विषयाच्या नावात विज्ञान आहे, तर मेडिकलच्या प्रवेशाला याचे मार्क धरतात का, असं त्यांनी फार आदबीनं विचारलं. धरत नाहीत म्हटल्यावर त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले.

मी मूळची उदगीरची. घरी कानडी, शाळेत मराठी आणि वडिलांच्या किराणा दुकानात गिऱ्हाईकांची दखनी उर्दू. तिन्ही भाषा एका दमात बोलायची सवय असल्यामुळे त्यात शिकण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. ते वाटलं भूकंपानंतर. मी नोकरीला नवीन होते. आमच्या कॉलेजची पोरं घेऊन मी निलंग्याकडच्या एका छावणीत मदतीला गेले होते. तिथं एक म्हातारी सारखी ‘होट्टे, होट्टे’ म्हणून विव्हळत होती आणि बाहेरगावाहून आलेला एक चांगला, दमलेला स्वयंसेवक ते हिंदीतलं होंठ समजून तिचे ओठ उघडून बघत होता. कानडीत होट्टे म्हणजे पोट. मी सांगितलं, मग डॉक्टरांनी पोट पाहिलं. एवढीच गोष्ट. पण तिथून परतताना माझ्या मनात बसलं की पोरांना हे शिकवलं पाहिजे. प्राचार्यांच्या मागं लागून, विद्यापीठाची मान्यता आणून मी विषय सुरू केला.

कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला जाताना विद्यार्थ्यानं आपला मुख्य विषय कोणता आणि जोडीचा कोणता, हे लिहून द्यायचं असे. आता नव्या धोरणात जोडीच्या विषयाला मायनर म्हणतात. माझ्या विषयाला मुख्य होण्याची ऐपत नव्हती. तो कायम जोडीचा. त्यातही ठरावीक संख्येइतके विद्यार्थी भरले नाहीत तर त्या वर्षी तास बंद. दर जूनमध्ये मी पोरांना गाठून समजावत असे. सहकारी हसायचे. एक जण म्हणाले, “बिराजदार मॅडम, तुम्ही विषय शिकवता का विमा विकता?”

ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे त्या वर्षी मला एक विद्यार्थी कमी पडत होता. प्राचार्य भला माणूस. पण त्यांचेही हात बांधलेले. शेवटच्या तारखेपर्यंत भरला तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

त्याच आठवड्यात शबाना शेख माझ्याकडे आली. ती माझ्या पहिल्या वर्षाच्या मराठीच्या वर्गात होती. औसा तालुक्यातल्या एका खेड्यातलं शिंपीकाम करणारं कुटुंब. भूकंपात वडील आणि घर दोन्ही गेलं. तेव्हा शबाना बारा-तेरा वर्षांची आणि धाकटी नजमा जेमतेम तीन वर्षांची होती. वर्ष-दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढून आई रहीमाबी दोघींना घेऊन लातूरला भावाकडे आली. मामा इस्माईलभाई यांचं गादी भरायचं दुकान होतं. क्लासच्या पोरांनी गाव भरलं तसा त्यांचा धंदाही वाढला, कारण खोली घेतली की पहिली गादी लागते.

वर्गात ही मुलगी फारशी बोलत नसे. एकदा मी प्रत्येकाला घरच्या बोलीतला एक शब्द सांगायला लावला होता. ती ‘नक्को’ म्हणाली, तशी पोरं हसली. मी हसणाऱ्यांना सांगितलं की तिच्या दखनीनं हा शब्द आपल्याच मराठीकडून घेतलाय, आणि आपण दिवसभरात किती शब्द तिच्याकडून घेऊन बोलतो ते उद्या मोजून या. त्या दिवसापासून ती पुढच्या बाकावर बसायला लागली.

माझ्या खोलीत येऊन तिनं इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, “मॅडम, जे माणूस बोलत न्हाई, त्याच्या डोक्यात भाषा असती का? हे तुमच्या विषयात हाय का?”

मी म्हटलं, आहे. मग तिनं नजमाबद्दल सांगितलं. भूकंपाच्या आधी नजमा अम्मा, अब्बा असं काही काही म्हणायची. त्या रात्रीनंतर तिचं बोलणं पुढं सरकलंच नाही. दहा वर्षांची झाली तरी चार-सहा शब्द, तेही अर्धवट. भूकंपाच्या धास्तीनं वाचा गेली, असं सगळे म्हणत. छावणीतल्या डॉक्टरांनी तिच्यामागं पत्र्याचा डबा वाजवून पाहिला होता. तिनं मान वळवली, म्हणजे कान ठीक. शाळेत म्हणाले, घरात एक भाषा आणि बाहेर दुसरी, म्हणून गोंधळली. हे शेवटचं ऐकून मला राग आला. आमच्या कानावर तीन भाषा होत्या आणि आम्ही भावंडं गप्प बसावीत म्हणून आईला ओरडावं लागे.

विषय घे, असं मी तिला लगेच म्हटलं नाही. म्हणावंसं फार वाटत होतं. पण मला माझा तास वाचवायचा होता आणि तिला तिचं आयुष्य काढायचं होतं, या दोन गोष्टी एकात मिसळू नयेत इतकी अक्कल मला होती. मी तिला तोटे सांगितले. हा विषय शाळेत शिकवत नाहीत. पुढं बी.एड. करायचं तर दोन शालेय विषय लागतात. मराठी आहे, पण जोडीला इतिहास-भूगोल असेल तर वाट सोपी. शिवाय याचं बाजारात गाईड मिळत नाही. घरी विचारून ये, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी घरच कॉलेजात आलं. इस्माईलभाई दुकानातून उठून तसेच आले होते, भुवयांवर कापूस तसाच. शबाना त्यांच्यामागं उभी. ते खुर्चीवर बसायला तयार होईनात. मग मीही उभी राहिले.

“मॅडम, ह्यो विषय शाळंत शिकवतात का?”

“नाही.”

“मग पोरीनं मास्तरीण कसं व्हायचं?”

अवघड जाईल, असं मी सांगितलं. आदल्या दिवशी तिला जे सांगितलं होतं ते सगळं त्यांनाही सांगितलं. आपला माल कुणी आपल्याच तोंडानं नासका म्हणतंय, याचं त्यांना नवल वाटलं असावं. तुमची पोरगी असती तर तुम्ही तिला हा विषय घेऊ दिला असता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुलगी असती तर तिनं मला विचारलंच नसतं. त्यावर ते जरासे हसले, पण मानले नाहीत. बहिणीची दोन लेकरं पदरात आहेत, एक मुकी आहे, निदान दुसरीला पक्की लाईन मिळावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यात चुकीचं काही नव्हतं.

तेव्हा शबाना पहिल्यांदा बोलली. “मामू, बी.एड.चं मी माझं बघून घेईन. नजमाला काय झालंय ते मला कळून घ्यायचंय.”

“नजमाला काय झालंय ते सगळ्या गावाला ठाव हाय.”

“गावाला ठाव हाय. मला न्हाई.”

इस्माईलभाई हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. सलाम करून निघून गेले. शेवटच्या तारखेला, कचेरी बंद व्हायच्या बेताला शबाना आली आणि तिनं जोडीच्या विषयापुढे भाषाविज्ञान लिहिलं. घरी काय झालं ते मी विचारलं. मामू म्हणाले, शिक काय शिकायचं ते, पण गाद्यांची शिलाई सुटणार नाही. ती नाही सुटली. पुढची दोन वर्षं ही मुलगी कॉलेजच्या आधी गाद्या टाचायची आणि कॉलेजनंतर परत टाचायची. तिच्या बोटांवर सुईचे घट्टे होते.

पावसाळा सरता सरता आमचा ध्वनींचा भाग सुरू झाला. हा भाग मी पोरांकडून करून घेत असे. गळ्यावर बोट ठेवा, ‘ग’ म्हणा, थरथर लागते. आता ‘स’ म्हणा, थरथर नाही, नुसती हवा. मग मी समजावलं की सगळे आवाज सारख्या जातीचे नसतात. ‘आ’, ‘ऊ’, ‘म’ हे भरीव आणि खालच्या पट्टीतले. ‘स’, ‘श’, ‘च’ हे बारीक आणि वरच्या पट्टीतले, शिट्टीसारखे. कानाला दोन्ही वेगवेगळे भेटतात. हे वाक्य मी दर वर्षी म्हणायची आणि पोरं उतरवून घ्यायची. शबानानं ते उतरवून घेतलं नाही. तास संपेपर्यंत ती हात बाकावर ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकातच तिनं मला थांबवलं. ती रात्रभर नजमाचे शब्द आठवत होती.

“मॅडम, ती अम्मा म्हणती, मामू म्हणती. मला अबाना म्हणती. ‘म’ येतो तिला, ‘ब’ येतो, ‘द’ येतो. पण ‘स’ आजपर्यंत कधी आला न्हाई. ‘श’ न्हाई, ‘च’ न्हाई. सगळे म्हणतात ती मनमानी करती, वाटलं तर ऐकती, न्हाई तर न्हाई. पण मनमानी करणारं माणूस अशी अक्षरं निवडून मनमानी करतं का?”

इतकी वर्षं शिकवत होते, पण माझ्या विषयाला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता.

त्या दुपारी आम्ही दोघी दुकानात गेलो. कापूस पिंजायचं यंत्र बंद करायला लावलं. नजमा खाली बसून दोऱ्याची गुंडी उलगडत होती. काळीसावळी, तरतरीत डोळ्यांची पोर. मी तिच्या मागं जाऊन हलकेच ‘ऊऽ’ केलं. तिनं वळून पाहिलं आणि हसली. ती परत कामाला लागल्यावर मी तितक्याच अंतरावरून ‘श्श’ केलं. काही नाही. जोरात केलं. काही नाही. मी इस्माईलभाईंना शीळ घालायला सांगितली. त्यांची शीळ रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला ऐकू गेली, त्यानं मान वर केली. नजमा दोरा उलगडत राहिली. मग त्यांनी तळहातानं लाकडी फळीवर एक धप्पा दिला, तशी ती चटकन वळली.

इस्माईलभाईंनी पुन्हा शीळ घातली, मग पुन्हा. मग ते गादीच्या ढिगावर बसले.

मी त्यांना सांगितलं की मी डॉक्टर नाही, माझं चुकूही शकतं. पण नांदेडला यंत्रावर कान तपासतात, तिथं हिला नेलंच पाहिजे. ते इतकंच म्हणाले, “उद्या जाऊ.” दुकान बंद ठेवून ते आले. रहीमाबी, शबाना, नजमा आणि मी, असे आम्ही सगळे सकाळच्या एसटीनं नांदेडला गेलो. नजमा खिडकीत बसून प्रत्येक गावातल्या म्हशी बोटानं दाखवत होती.

तपासणाऱ्या बाईंनी नजमाच्या कानांवर यंत्र लावलं आणि आवाज आला की हात वर कर, असं खुणेनं शिकवलं. जाड आवाजांना तिचा हात वर जाई. आवाज बारीक होत गेले तसा हात खाली राहिला, आणि पुढं राहिलाच. बाईंनी आम्हांला समजावून सांगितलं. मुलीला ऐकू येतं, पण अर्धंच. माणसाच्या बोलण्यातला जाड भाग तिला पोचतो, बारीक भाग गळून जातो. डबा वाजवला, हाक मारली तर ती वळणारच. पण बोललेलं तिला कळत नाही, कारण तिच्यापर्यंत शब्द फाटके येतात. हे जन्मापासूनचं आहे की लहानपणीच्या तापानं झालं, ते आता सांगता येणार नाही. धास्तीनं वाचा गेलेली मात्र नाही.

रहीमाबी तेव्हा बोलल्या. बोलणं माझ्याशी होतं, पण बघत नजमाकडे होत्या. “मॅडम, ती ऐकत नव्हती म्हणून मी तिला मारलंय. लई मारलंय.”

नजमानं आईचा चेहरा पाहिला आणि उठून तिच्या मांडीवर जाऊन बसली. दहा वर्षांची पोर, पाय खाली लोंबत होते.

इथून पुढं सगळं छान झालं, असं सांगता आलं असतं तर मला आवडलं असतं. कानात घालायचं यंत्र मिळालं. पहिल्याच दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि नजमानं यंत्र कानातून ओढून फेकलं. जगात असा आवाज असतो हे तिला माहीत नव्हतं. ती कापसाच्या ढिगात जाऊन लपली. शबानानं तिला ओढून काढलं नाही. तीही तिच्या शेजारी कापसात जाऊन बसली, आणि कुकर थंड झाल्यावर दोघी बाहेर आल्या. असं पुष्कळ महिने चाललं. भाषा शिकायचं लेकराचं वय असतं, ते नजमाचं बरंचसं निघून गेलं होतं. तीन-चार वर्षांची असताना आणली असती तर गोष्ट वेगळी होती, असं नांदेडच्या बाई म्हणाल्या. तेव्हा हे कुटुंब पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं आणि जिवंत आहोत यातच सगळ्यांना समाधान होतं. कुणाला दोष द्यावा? तरी ती वर्षं मला आजही सलतात.

नजमा थोडं बोलायला शिकली, थोडं ओठांवरून ओळखायला, आणि हातांची भाषा तर भराभर शिकली. ती भाषा म्हणजे नुसते हातवारे, असं इस्माईलभाईंना वाटे. तिलाही व्याकरण असतं, हे शबानानं त्यांना गाद्या टाचता टाचता समजावलं. मी वर्गात समजावते त्याहून चांगलं समजावलं असणार.

शबानानं बी.एड.चा नाद सोडला. बहिऱ्या मुलांना शिकवायचं प्रशिक्षण तिनं घेतलं आणि नांदेडला तशा मुलांच्या शाळेत लागली. आजही तिथंच आहे. मध्ये लग्नाची एक-दोन स्थळं नोकरी सोड म्हणाली, तिनं ती स्थळं सोडली. शेवटी ज्याला ही अट सुचलीच नाही त्याच्याशी लग्न केलं.

त्या नांदेडच्या फेरीनंतरच्या जूनमध्ये एक गंमत झाली. इस्माईलभाई देवणीच्या दोन मुलींना घेऊन माझ्या खोलीत हजर झाले. मुली गादी घ्यायला दुकानात आल्या होत्या, कला शाखेच्या आहेत असं कळल्यावर त्यांनी त्यांना तशाच कॉलेजात आणलं होतं. “ह्या दोघींला तुमचा विषय द्या,” म्हणाले. एकीनं घेतला. दुसरी गादीच घेऊन गेली. विषय त्यानंतर आणखी बारा-पंधरा वर्षं तगला. मग एक जून असा आला की कुणीच भरलं नाही, मी ज्यांना गाठलं तेही नाही. तास बंद झाला आणि मी निवृत्तीपर्यंत नुसती मराठी शिकवली. वाईट वाटायचं. आता मायनरच्या यादीत भाषाविज्ञान ठेवावं का, असं माझ्या जुन्या कॉलेजातल्या तरुण प्राध्यापिकेनं परवा फोनवर विचारलं. कोण घेणार, असं सगळे म्हणतात म्हणाली. मी तिला म्हटलं, ठेव, आणि पोरांना जाऊन सांग. नुसतं बसून राहिलं तर कुणी येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी इस्माईलभाईंच्या दुकानात गेले होते. माझी जुनी गादी भरून घ्यायची होती. ते आता थकलेत, दुकान नजमा बघते. तिनं माझ्या गादीचं एक टोक उसवलं, कापूस चिमटीत धरून पाहिला, आणि हात व तोंड दोन्ही वापरून मला ठणकावलं की हा कापूस संपलाय, यात पैसे घालू नका. मी थोडी हुज्जत घातली. ती ऐकेना.

तेवढ्यात क्लासला आलेल्या मुलाला घेऊन एक वडील आत आले. त्यांनी दोनदा भाव विचारला. नजमा माझ्या गादीवर वाकलेली होती, तिनं पाहिलं नाही. मग त्यांना तिच्या कानामागचं यंत्र दिसलं आणि त्यांनी मला विचारलं, “ह्यांना ऐकू येत नाही का?”

मी तोंड उघडलं होतं. पण नजमानं तेवढ्यात मान वर केली होती आणि त्यांचे ओठ वाचले होते.

“थोडं येतं,” ती म्हणाली. आवाज जाड, शब्द सावकाश. “इकडं बघून बोला.”

ते गृहस्थ तिच्याकडे वळले, आणि त्यांनी गादीचं माप सांगितलं.